सदर कुत्रीस कळविण्यात येते की

परभणीत मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घरमालकांनी मला तोंडानं सांगितलेल्या गोष्टी फार थोड्या. बाकी सगळं दाराखालून आलं. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी फटीतून एक कागद सरकत आत आला. वर ‘विषय: गच्चीवरील पाण्याची टाकी धुण्याबाबत’, मध्ये आठ दिवसांची मुदत आणि शेवटी ‘हरकत असल्यास लेखी कळवावे, अन्यथा काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ खाली सही. सहीशेजारी शिक्क्यापुरती जागा कोरी सोडलेली होती. शिक्का निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात जमा करावा लागला होता. जागा सोडायची सवय जमा करून घ्यायला कुणी मागितली नव्हती.

ते मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. हे पद तलाठ्याच्या वर आणि तहसीलदाराच्या बरंच खाली असतं, पण गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणत. दारावरच्या पाटीवर ‘मंडळ अधिकारी’ रस्त्यावरून दिसायचं. ‘सेवानिवृत्त’ वाचायला पायरी चढून यावं लागायचं.

त्या पहिल्या नोटिशीवर मी गमतीनं हरकत घेतली. टाकी रविवारी न धुता शनिवारी धुवावी, रविवारी मी उशिरा उठतो, असं लिहून कागद खाली नेऊन दिला. संध्याकाळी बोलावणं आलं. ओसरीवर दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या.

“बसा,” साहेब म्हणाले. “अर्जदाराचं म्हणणं काय हाय?”

मी म्हणणं मांडलं. त्यांनी ते लांबट वहीत उतरवून घेतलं. मग सामनेवाल्याचं म्हणणं उतरवून घेतलं. सामनेवाले तेच होते. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “हरकत मान्य. शनिवारी धुऊ.” आणि आत चहा सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नव्हती. हा माणूस आपली चेष्टा करतोय की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

त्यांची नोकरी जमिनीच्या नोंदींमधली. सातबाऱ्यावर एक नाव जाऊन दुसरं लागायचं असेल तर आधी ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस, मग मुदत, मग हरकत आली तर सुनावणी, आणि मगच साहेबांची सही. नोटीस हातात पोचली याला त्यांच्या भाषेत ‘तामील’ म्हणायचे. तामील झाल्याशिवाय पृथ्वीवरची कुठलीच गोष्ट खरी झालेली नसते, असं त्यांचं मत होतं. “आधी नोटीस, मंग गोष्ट,” असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. घरातला पंखा बदलायचा असला तरी आठ दिवस आधी स्वयंपाकघराच्या दारावर कागद लागायचा. काकू तो काढून त्यावर कोथिंबीर निवडायच्या.

“लग्नाच्या टायमाला बी यांनी पंधरा दिवस मागितले व्हते,” काकूंनी मला एकदा सांगितलं. “माज्या मायला वाटलं, पोराला दुसरी पसंत हाय. तसं काय न्हवतं. यांना वाटलं, कुणाची हरकत आसंल.”

“आली होती का?” मी विचारलं.

“न्हाई ना. म्हणून तर अडकले.”

साहेब शेजारीच पेपर वाचत होते. “मुदतीत आली न्हाई,” ते पेपरातूनच म्हणाले.

या सगळ्याला मी बरेच दिवस नोकरीचा रोग समजत होतो. मास्तर निवृत्त झाले तरी नातवाच्या वहीत लाल खुणा करतात, तसं. एकदा मात्र मी न विचारता त्यांनी एक गोष्ट सांगितली. देवगाव फाट्याकडच्या एका गावात, ते नुकतेच मंडळ अधिकारी झाले होते तेव्हा, एका विधवा बाईचं नाव निघून दिराचं लागायचं होतं. कोतवालानं सांगितलं की बाईला नोटीस दिली. साहेबांनी सही केली. नोटीस दिली गेलीच नव्हती. बाईला ते शेतात गेल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी ती येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसली.

“काय म्हणाली?”

“काहीच न्हाई. दिवसभर बसली आन् पाचाच्या गाडीनं गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.” एवढं सांगून त्यांनी वहीला रबर लावलं आणि आत गेले. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

चिमणी आली तेव्हा मला तिथं वर्ष झालं होतं. चिमणी म्हणजे कुत्री. पिंगळीच्या स्टेशनाजवळ ती सापडली तेव्हा तिच्या गळ्यात दोरी रुतलेली होती आणि पाठीवर काठीचे वळ होते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दोरी कापली, जखम भरली, आणि ठेवायला जागा नाही म्हणून काकूंच्या ओळखीनं तिला आठ दिवसांसाठी इथं आणलं. साहेबांनी आठ दिवस मंजूर केले. नवव्या दिवशी मुदतवाढ दिली. पुढच्या मुदतवाढी मी मोजल्या नाहीत.

नाव काकूंनी ठेवलं, कारण जरा खुट्ट झालं की ती भुर्र व्हायची. उडून जायची ती फक्त काकूंच्या पलंगाखाली. तिला झाडणीची भीती, मिक्सरची भीती, कुकरच्या शिट्टीची भीती, हेल्मेटची, छत्रीची, फाटकाच्या कडीची. काठी दिसली तर ती पळायचीसुद्धा नाही. जागच्या जागी चपटी व्हायची आणि तिच्याखाली ओघळ यायचा. फक्त काकूंच्या पायाशी ती झोपू शकायची. काकू चपात्या लाटायच्या आणि ती त्यांच्या अंगठ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटायची.

साहेब तिला ‘सदर कुत्री’ म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लांबट वहीत तिच्यासाठी वेगळं पान उघडलं.

“काय करायलाव?” काकूंनी विचारलं.

“घरात नवं माणूस आलं. त्याला काय काय लागू हाय ते त्याला कळवायला नको का?”

मग सुरू झालं. मिक्सर चालू न करता आठ दिवस ओसरीच्या टोकाला ठेवला गेला. चिमणी दुसऱ्या टोकाला जेवायची. रोज मिक्सर एक फरशी पुढं. ती उठून गेली तर साहेब लिहायचे: ‘मिक्सर. हरकत घेतली.’ आणि दुसऱ्या दिवशी मिक्सर दोन फरश्या मागं जायचा. बसून राहिली तर: ‘हरकत नाही.’ मग मिक्सर दूरच्या खोलीत क्षणभर चालू. मग जवळच्या खोलीत. घरात दीड महिना चटणी पाट्यावर वाटली गेली. काकूंनी याबद्दल जे म्हटलं ते वहीत उतरवलं गेलं नाही.

या काळात साहेब ओसरीवर पाटावर, कुत्रीकडे पाठ करून बसायचे आणि भाकरी खायचे. एखादा तुकडा मागं पडायचा. ते वळून बघायचे नाहीत.

“तिच्याकडं बघत का नाही?” मी विचारलं.

“पक्षकाराकडं टक लावून बगायचं नसतं. त्याला वाटतं, सायबानं ठरवूनच टाकलंय.”

डॉक्टरीणबाई महिन्यानं आल्या त्या भित्र्या कुत्र्यांना कसं सवयीचं करावं याचं एक छापील पुस्तक घेऊन. लांबून दाखवा, घाई करू नका, निघून जायची वाट मोकळी ठेवा, डोळ्याला डोळा देऊ नका. त्यांनी वही चाळली, कुत्रीकडे बघितलं, आणि पुस्तक पिशवीत परत ठेवलं.

“काका, हे तुमी कुठं शिकलात?”

“तहसीलला,” साहेब म्हणाले.

हुकूम द्यायला ते शिकलेच नव्हते. कार्यालयात येईल त्याला ‘बसा’ म्हणायची चाळीस वर्षांची सवय, म्हणून तिलाही ‘बसा’च म्हणायचे. ‘बस’ म्हटलं तर चिमणीला कळायचं नाही. त्यामुळं घरी पाहुणा आला आणि साहेब “बसा” म्हणाले, की पाहुण्याच्या आधी कुत्री बसायची. एक निवृत्त नायब तहसीलदार यावरून दुखावले गेले होते. आपण वरच्या पदाचे असून आपल्याला दुसऱ्यांदा सांगितलं गेलं, असं त्यांना वाटलं.

वर्षभरात झाडणी, शिट्टी, हेल्मेट, छत्री आणि कडी या सर्वांवर ‘हरकत नाही’ असा शेरा पडला. काठी तेवढी राहिली. तिच्यापुढं दर वेळी एकच शेरा होता: ‘हरकत घेतली.’

मग एका सकाळी काकू मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी साहेब कपडे न्यायला आले आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. मी चहा घेऊन गेलो.

“कसं झालं?” मी विचारलं. झालं कसं ते मला माहीत होतं, पण अशा वेळी तेच विचारतात.

“नोटीस न्हवती,” ते म्हणाले. चहा गार झाला.

काकू दहा दिवसांनी वॉकर घेऊन येणार होत्या. वॉकर म्हणजे ॲल्युमिनियमचा चार पायांचा सांगाडा. तिकडं काकूंजवळ त्यांची बहीण राहिली आणि साहेबांनी वॉकर आधीच आणून ओसरीवर ठेवला. काठीला घाबरणाऱ्या कुत्रीपुढं हे काय आलं होतं ते कुणालाही दिसत होतं: चार काठ्या, एकमेकींना धरून. चिमणी पलंगाखाली गेली ती संध्याकाळपर्यंत निघाली नाही.

नोटीस त्याच दिवशी निघाली. नुसता ठेवून भागणार नाही, हेही साहेबांच्या लक्षात आलं. वॉकर घरात चालणार होता. म्हणून ते स्वतः वॉकर धरून चालू लागले. सकाळी एक तास, दुपारी एक तास, इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, टक, टक, टक. गल्लीत बातमी गेली की बाईंच्या दुखण्याचा साहेबांनी धसका घेतला आणि पाय गेले. लोक बघायला येऊ लागले. त्यांच्या हाताखालचा एक जुना तलाठी पूर्णेहून सफरचंदं घेऊन आला.

“सायेब, तुमाला कवा झालं हो हे?”

“मला काय धाड भरलीय? तामील चालू हाय.”

तलाठ्यानं माझ्याकडे बघितलं आणि डोक्याजवळ बोट नेऊन प्रश्न विचारला. मी खांदे उडवले. सफरचंदं तो ठेवून गेला.

नवव्या दिवशी साहेब वॉकर घेऊन पलंगाच्या पुढून गेले आणि चिमणी नुसती डोकं वर करून बघत राहिली. वहीत ‘हरकत नाही’ पडलं. ती अक्षरं जरा मोठी होती.

दहाव्या दिवशी काकू आल्या. अंगाला औषधाचा वास, चेहरा उतरलेला, हातात वॉकर. एक पाऊल टाकलं आणि “आई गं” म्हणाल्या. चिमणी धावत दारापर्यंत आली होती. ती तिथंच चपटी झाली, ओघळ आला, आणि मग सरपटत पलंगाखाली गेली.

साहेब बराच वेळ दारात उभे होते. “चूक झाली,” ते मला म्हणाले. “वॉकरची नोटीस काढली. बाईची काढलीच न्हाई. त्या बदलून येणार हे तिला कुणी सांगितलं?”

त्यानंतर काकू चालेनात. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग खुर्चीच नशिबी येईल. पण त्या उठायला वॉकर उचलायच्या आणि पलंगाखालून कण्हणं यायचं. त्या परत बसायच्या.

“मी उठले की ती मुतायलीय,” त्या म्हणायच्या. “माज्यामुळं थरथरायली बिचारी. मला न्हाई उठायचं.”

साहेबांनी नवी नोटीस काढली. आता काकूंनी खुर्चीत बसायचं, वॉकर शेजारी उभा ठेवायचा, आणि रोज खुर्ची एक फरशी पुढं. मुदत पंधरा दिवस. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की पाय पंधरा दिवस थांबणार नाही. साहेबांनी मुदतीचा आकडा खोडायला पेन काढलं आणि परत खिशाला लावलं.

पुण्याहून मुलगा आला तो शनिवारी. चांगला मुलगा होता. आईच्या काळजीनं आलेला होता आणि काळजी असलेल्या माणसाला असते तशी त्याला घाई होती. जेवताना त्यानं सांगितलं की पिंगळीच्या पुढं मित्राचं शेत आहे, तिथं कुत्री राहील, उद्या सकाळी अकराला माणूस टेम्पो घेऊन येतोय.

“तिथं कशी ऱ्हाईल?” काकूंनी विचारलं.

“बांधून ठेवतील झाडाला. मजेत राहील.”

काकूंनी ताट बाजूला सारलं.

“नोटिशीला पाच दिवस झालेत. दहा बाकी हायेत,” साहेब म्हणाले.

“बाबा, ही तहसील नाही! आई पायात अडखळून परत पडली तर? एका कुत्र्यापायी आईला खुर्चीत बसवणार आहात का तुम्ही जन्मभर?”

साहेबांनी ताटातली भाकरी मोडायला घेतली. मी तिथं होतो. मुलानं मलाही विचारलं. खरं म्हणजे मला त्याचं म्हणणं पटत होतं.

रविवारी पावणेअकराला मी खाली गेलो. बैठकीत एका भिंतीशी काकू खुर्चीत; रोज हरकतच येत गेल्यानं खुर्ची एक फरशीही पुढं सरकली नव्हती. समोरच्या भिंतीशी पलंग, त्याखाली अंधारात चिमणीचे दोन डोळे. मधली खोली रिकामी. मुलगा मोबाइल हातात घेऊन उभा. साहेब वही उघडून पाटावर बसलेले, आणि मला वाटलं, आता ते सुनावणी घेणार. त्यांनी तारीख घातली. मुलाचं म्हणणं लिहून घेतलं. मुलानंही, काय वाटलं कुणास ठाऊक, ते नीट मुद्द्यांत सांगितलं. मग साहेब चिमणीच्या बाजूनं बोलायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला थांबले. पेनचं टोपण तोंडात धरून ते वहीकडे बघत राहिले.

“तुमी दोघं बोलायलाव,” काकू म्हणाल्या. “मला कुणी इचारायलंय का?”

साहेबांनी तोंडातलं टोपण काढलं.

“ती न्हाई येणार इकडं. तिला भ्या वाटायलंय. मंग मीच जाते.”

त्यांनी वॉकर धरला. मुलगा पुढं झाला तर म्हणाल्या, “हात लावू नको.” उठताना त्यांचा चेहरा पांढरा पडला. पलंगाखालून कण्हणं आलं. या वेळी त्या बसल्या नाहीत.

“मीच हाय गं,” त्या म्हणाल्या आणि वॉकर पुढं टेकला. टक. “काठी न्हाई ही. माजा पाय हाय. मोडला म्हणून नवा लावला.” टक. “वास येतोय ना दवाखान्याचा? मला बी येतोय. लय घाण हाय.” टक.

डॉक्टरांनी सुरुवातीला चार पावलं सांगितली होती. काकूंनी चार टाकली, आठ टाकली, खोलीच्या मधोमध थांबून धाप घेतली, आणि पुन्हा निघाल्या. सगळा वेळ त्या बोलत होत्या, चपात्या लाटताना बोलायच्या तशा, कुणाला तरी सांगताहेत असं नाही, नुसतं. साहेब पाटावरून उठले होते. वही त्यांच्या हातात उघडी होती आणि तिच्यात काही लिहिलं जात नव्हतं.

काकू पलंगापाशी पोचल्या. आता वाकता येणार नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, वॉकरवर भार देऊन, आणि आपला चांगला पाय पलंगाच्या कडेखाली सरकवला. बराच वेळ काही झालं नाही. मग आधी नाक बाहेर आलं. त्यानं वॉकरच्या रबराचा वास घेतला, झटक्यात मागं गेलं, परत आलं. मग पायाचा वास घेतला. मग चिमणीनं काकूंच्या अंगठ्यावर हनुवटी टेकली. तिचं अंग थरथरत होतं, पण ओघळ आला नाही, आणि ती हलली नाही.

काकूही हलू शकत नव्हत्या. “आता बसायला पायजे मला,” त्या हळूच म्हणाल्या. “लवकर. पाय सुटायलाय.”

खुर्ची राहिली होती पलीकडच्या भिंतीशी. मुलानं धावत जाऊन ती धरली आणि ओढली. फरशीवर खर्रकन आवाज झाला. चिमणीची पाठ ताठ झाली. मुलगा थिजला. त्यानं खुर्ची सोडली, पायातले बूट एकमेकांत अडकवून काढले, मग ती सागवानी, दोन माणसांनी उचलायची खुर्ची छातीशी कवटाळून उचलली आणि मोज्यांवर, चवड्यांवर, एकेक पाऊल तोलत खोली ओलांडायला लागला. त्याच्या मानेची शीर फुगली होती.

फाटकाशी टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला.

मुलगा खोलीच्या मधोमध होता. त्यानं खुर्चीच्या पाठीआडून माझ्याकडे बघितलं आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “पळा हो. सांगा त्याला, हॉर्न वाजवू नको म्हणावं.”